नॉर्विचचा बाजार: साडेनऊशे वर्षं एकाच उतारावर

फिरस्ती

पूर्व इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात मी राहते. लंडनहून रेल्वेने सुमारे दोन तास. शहराच्या मधोमध, किल्ल्याच्या टेकडीसमोरच्या उतारावर, रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या छपरांचे गाळे ओळीने मांडलेले आहेत. भाजी, मासे, चीज, बॅगा, घड्याळदुरुस्ती, गरम चिप्स आणि त्यावर मऊ शिजवलेले वाटाणे, सगळं तिथे मिळतं. माझी आठवड्याची भाजी तिथलीच. हा बाजार याच जागी अकराव्या शतकापासून भरतोय, आणि त्याच्याबद्दल जितकं वाचत गेले तितकं इथे लिहावंसं वाटू लागलं.

मुळात शहराचा बाजार इथे नव्हता. तो टूंबलँड नावाच्या भागात भरायचा, म्हणजे आज जिथे कॅथीड्रलचा दरवाजा आहे त्याच्यासमोर. सॅक्सन आणि डेन लोकांचं जुनं गाव तिथे होतं. १०६६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे नॉर्मन इंग्लंड जिंकून आले आणि त्यांनी गावाची मांडणीच फिरवली. किल्ला उभारायला जी जागा घेतली तिथली किमान ९८ घरं गेली, अशी नोंद १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या मोजणीत आहे. किल्ल्याच्या पश्चिमेला, मॅनक्रॉफ्ट नावाच्या मोकळ्या जमिनीवर, फ्रान्सहून आलेल्या लोकांसाठी नवी पेठ वसवली. राल्फ द ग्वादेर हा तेव्हाचा अर्ल, म्हणजे इथला मोठा सरदार. पेठ त्याची, पेठेतलं सेंट पीटर देऊळही त्याचंच आणि बाजारही. साल १०७१ ते १०७५ च्या दरम्यानचं.

हा राल्फ लगेच १०७५ मध्ये राजाविरुद्ध उठला, हरला आणि फ्रान्सच्या बाजूच्या ब्रिटनी प्रांतात पळून गेला. त्याच्या मागे त्याची बायको एमा किल्ला लढवत राहिली आणि सुखरूप बाहेर पडण्याची अट मान्य करून घेऊनच तिने तो सोडला. पेठ वसवणारा असा चार-पाच वर्षांत गेला, पेठ मात्र रुजली.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते १३४१ साल. तोपर्यंत बाजारावर राजाचा हक्क होता. शहराभोवतीच्या तटबंदीचं काम १२९७ मध्ये सुरू झालं होतं आणि ते नागरिकांनी स्वतःच्या पैशाने पुरं केलं. तिसरा एडवर्ड त्यावर खूश झाला आणि त्याने बाजाराचा हक्क शहराला कायमचा देऊन टाकला. तेव्हापासून गाळ्यांचं भाडं शहराच्या तिजोरीत जातं. १४०४ मध्ये शहराला स्वतःचा महापौर मिळाला आणि लगोलग १४०७ पासून बाजाराच्या वरच्या कोपऱ्यात, जुन्या जकातघराच्या जागी, गिल्डहॉल बांधायला घेतला. चकमकीच्या दगडाची ही इमारत आजही उभी आहे. न्यायालय, तुरुंग, सभागृह सगळं तिच्यातच होतं. म्हणजे शहराचा कारभार बाजाराच्या डोळ्यांसमोर चालायचा.

मध्ययुगात बाजारात धंद्यानुसार ओळी होत्या. चाकू-सुऱ्यावाल्यांची ओळ, सुया विकणाऱ्यांची, मसाल्यांची, लोखंडाची, मटणाची, मासळीची. आपल्याकडच्या आळ्या जशा, अगदी तशाच. मधोमध दगडी बाजारक्रॉस, म्हणजे बाजाराची खूण असलेली मंडपासारखी वास्तू होती. १५०१ ते १५०३ मध्ये तो नव्याने, चांगला ऐसपैस अष्टकोनी बांधला आणि १७३२ मध्ये पाडला. खालच्या बाजूला जी वाट आहे तिला अठराव्या शतकापासून जंटलमन्स वॉक म्हणतात. त्या काळी बाजाराच्या दिवशी आसपासचे जमीनदार तिथे येरझाऱ्या घालत सौदे आणि गप्पा करायचे.

माझं म्हणणं असं आहे, की हा बाजार टिकला तो शहराने तो आपल्या हातातून सोडला नाही म्हणून. तुम्हाला काय वाटतं? ज्यांना आणखी माहीत आहे त्यांनी जरूर लिहावं.

चौकस

उत्तम धागा. टूंबलँडच्या जुन्या बाजाराचं पुढे काय झालं? तो एका दिवसात बंद पडला, की दोन्ही चालू राहिले?

फिरस्ती

@चौकस, रोजचा व्यापार उठून नव्या पेठेत गेला. १०९६ मध्ये बिशप हर्बर्ट द लोसिंगाने कॅथीड्रलचं काम सुरू केलं आणि टूंबलँडचा बराचसा भाग कॅथीड्रलच्या मठाच्या आवारात गेला. पण तिथली जत्रा चालू राहिली आणि तिच्यावरच मोठा भडका उडाला. जत्रेची जागा मठाची, गिऱ्हाईक आणि दुकानदार शहराचे, तेव्हा पट्टी कोणी घ्यायची आणि हुकूम कोणाचा चालायचा हा वाद पिढ्यान्‌पिढ्या धुमसत होता. १२७२ च्या ऑगस्टमध्ये त्यातून थेट लढाई झाली. मठाच्या माणसांनी शहरात बाण मारले, शहरवाल्यांनी मठाला आग लावली. कॅथीड्रलचंही नुकसान झालं. तिसरा हेन्री राजा स्वतः चौकशीला आला, तीसेक जणांना देहान्त शिक्षा झाली आणि शहराला जबर दंड बसला. टूंबलँडवर जो देखणा एथेलबर्ट दरवाजा आहे तो या दंगलीच्या प्रायश्चित्तापोटी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला.

१३४१ चा हक्क शहराला इतका मोलाचा का वाटला असेल, ते या दंगलीवरून कळतं. ज्या जागेवर दुसऱ्याचा हुकूम, तिथे धंदा करणं म्हणजे काय ते त्यांनी भोगलं होतं.

तळटीप

फिरस्ती ताई, लेख आवडला. पण या बाजाराचा इतिहास सांगताना त्याच्या अगदी शेजारची एक वस्ती सुटू नये, म्हणून लिहितो.

किल्ला आणि बाजार यांच्या मधल्या गल्ल्यांत, आजच्या व्हाइट लायन स्ट्रीट आणि हेमार्केटच्या आसपास, बाराव्या शतकात ज्यू कुटुंबं राहत होती. किल्ल्याजवळ राहण्याचं कारण सरळ होतं: ते राजाच्या संरक्षणाखाली होते आणि संकट आलं तर किल्ल्यात पळता येत असे. ११४४ मध्ये शहराबाहेरच्या रानात विल्यम नावाच्या मुलाचं प्रेत सापडलं. काही वर्षांनी थॉमस ऑफ मन्मथ या मठवासी साधूने, ज्यूंनीच धर्मविधीसाठी त्याला मारलं, अशी कथा लिहून काढली. तिला कसलाही आधार नव्हता. पण ज्यूंवरचा हा खोटा आरोप युरोपात याच रूपात पहिल्यांदा लिहिला गेला तो नॉर्विचमध्ये, आणि पुढची आठशे वर्षं तो ठिकठिकाणी माणसांच्या जिवावर उठला.

६ फेब्रुवारी ११९० ला, जेरुसलेमसाठीच्या तिसऱ्या ख्रिस्ती धर्मयुद्धाची हवा तापलेली असताना, नॉर्विचच्या ज्यूंवर हल्ला झाला. जे किल्ल्यात पोचले ते वाचले. जे घरात सापडले ते मारले गेले.

आता पुढचं. २००४ मध्ये बाजारापासून चालत काही मिनिटांवर चॅपलफील्ड मॉलचं खोदकाम चालू होतं. तिथे एका जुन्या विहिरीत किमान १७ माणसांचे सांगाडे सापडले. ११ मुलं, ६ मोठी माणसं. विहिरीत ती टाकलेली होती, पुरलेली नव्हती. २०१३ मध्ये त्यांना ज्यू दफनभूमीत सन्मानाने पुरलं. २०२२ मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ही माणसं अश्केनाझी (मध्य आणि उत्तर युरोपातल्या शाखेचे) ज्यू असल्याचं बळकट पुरावे मिळून पुढे आलं. त्यात तिघी सख्ख्या बहिणी होत्या. हाडांचा काळ ११९० च्या हल्ल्याशी जुळतो.

१२९० मध्ये इंग्लंडमधून सगळ्याच ज्यूंना हाकलून दिलं. ज्या पेठेचं आपण कौतुक करतोय तिच्या गल्ल्यांतून हे घडलं. शहराने काय हातात ठेवलं हे सांगताना कोणाला हातचं सोडलं तेही सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

फिरस्ती

तळटीप, हे लिहिल्याबद्दल आभार. धाग्यात हे असायलाच हवं होतं. त्या बहिणींबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न होते.

वसंतकाका

बाळा, छान लिहिलं आहेस. माझ्याकडून एक भर. नॉर्विचच्या या बाजारात १८५४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा उभारला होता. १९३० च्या दशकात बाजाराची नवी मांडणी करताना तो कॅथीड्रलच्या आवारात हलवला.

हा वेलिंग्टन म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढला तो. वॉटर्लूनंतरही त्याला त्याच्या लढायांबद्दल विचारलं तर तो असईचं नाव आधी घ्यायचा. मराठ्यांच्या तोफांनी त्याच्या फौजेची जी दशा केली ती तो विसरला नाही. मी असईला गेलो आहे. नॉर्विचला जाणं या वयात होणार नाही, पण तू त्या पुतळ्यापाशी जाशील तेव्हा असईची आठवण जरूर काढ.

बाजाराच्या वरच्या अंगाला जे युद्धस्मारक आहे ते एडविन लट्येन्सचं, नवी दिल्लीची आखणी करणाऱ्याचं. १९२७ चं आहे. आधी गिल्डहॉलपाशी होतं, १९३८ मध्ये सध्याच्या जागी आलं.

धागादोरा

कापडाच्या धंद्यातली असल्यामुळे मला राहवत नाहीये. नॉर्विच म्हणजे आमच्यासाठी तीर्थच.

सूटिंगच्या दुकानात आपण ‘वर्स्टेड’ म्हणतो ना, ते नाव नॉर्विचजवळच्या वर्स्टेड गावाचं. लांब धाग्याची लोकर विंचरून, पिळदार सूत काढून विणलेलं ते कापड. मध्ययुगात ते नॉर्विचच्या बाजारातून देशोदेशी जायचं आणि शहराची श्रीमंती त्यावर उभी होती.

सोळाव्या शतकाच्या मध्याला हा धंदा बसला. तेव्हा शहराने जे केलं ते मला फार धीराचं वाटतं. स्पेनच्या राजवटीत नेदरलँड्समध्ये प्रोटेस्टंट लोकांचा छळ चालला होता. नॉर्विचने एलिझाबेथ राणीकडून परवानगी काढून १५६५ मध्ये तिथल्या ३० विणकर कुटुंबप्रमुखांना बोलावलं. २४ डच, ६ वालून (म्हणजे तिथलेच फ्रेंच बोलणारे). त्यांच्या मागोमाग इतके लोक आले की १५७९ पर्यंत शहराच्या साधारण १६,००० वस्तीत सुमारे ६,००० बाहेरचे होते! त्यांना ‘स्ट्रेंजर्स’ म्हणत. विरोधही झाला. १५७० मध्ये त्यांना हाकलण्याचा कट उघडकीला आला आणि कटवाल्यांना फाशी झाली. पण शहर मागे हटलं नाही. स्ट्रेंजर्सनी हलकी, रंगीत, नवी कापडं आणली. शहरातला पहिला छापखाना काढणारा अँथनी द सोलेम्प त्यांच्यातलाच. पिंजऱ्यात कॅनरी पक्षी पाळायची हौसही त्यांची. नॉर्विचचा फुटबॉल संघ आज पिवळे कपडे घालतो आणि त्याला ‘कॅनरीज’ म्हणतात, ते त्यावरूनच. सतराव्या शतकात लंडनच्या खालोखाल नॉर्विच होतं, त्यात या लोकांचा मोठा वाटा आहे.

बाजाराच्या उत्तरेला मॅडरमार्केट नावाची गल्ली आहे. मॅडर म्हणजे लाल रंग देणारी मुळं, आपल्या मंजिष्ठाच्या कुळातली. ती तिथे विकली जायची.

आणि आता आपल्या जवळची गोष्ट. अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांबरोबर काश्मिरी शाली इंग्लंडमध्ये पोचल्या आणि श्रीमंत बायका त्यांच्यामागे वेड्या झाल्या. किंमत मात्र परवडणारी नव्हती. १७८० च्या दशकात नॉर्विचच्या विणकरांनी तशा शाली रेशीम आणि लोकर मिसळून विणायला घेतल्या. काश्मिरी कारागीर तिरकस विणीत एकेक रंगाचा धागा छोट्या काड्यांनी गुंफत, एका शालीला महिनेच्या महिने जात. नॉर्विचमध्ये सुरुवातीला नक्षी हाताने रफूसारखी भरत, नंतर मागावरच उठवू लागले. नक्षी कोणती? कोयरी! आपल्या पैठणीच्या, शालूच्या पदरावरची कोयरी नॉर्विचच्या मागावर अनेक दशकं विणली जात होती. पुढे स्कॉटलंडमधल्या पेझली गावाने स्वस्तात त्याच शाली काढल्या आणि कोयरीला जगभर त्या गावाचं नाव पडलं. काश्मिरी विणकराचं नाव कुठेच नाही, आणि नॉर्विचचंही नाही. याचं मला वाईट वाटतं. संग्रहालयांत नॉर्विच शाली बघायला मिळाल्या तर त्यांचा लाल रंग नीट बघा. रंगाऱ्यांनी रेशीम आणि लोकर या दोन्हींवर सारखाच चढणारा लाल साधला होता, आणि ते अतिशय अवघड काम आहे.

याशिवाय ईस्ट इंडिया कंपनी नॉर्विचचं कॅमलेट कापड चीनला पाठवायला घेत असे. १८३३ मध्ये कंपनीची चीनच्या व्यापाराची मक्तेदारी संपवणारा कायदा झाला आणि तोही आधार गेला. तोवर यॉर्कशरच्या कापडगिरण्यांनी नॉर्विचला मागे टाकलंच होतं.

चौकस

@धागादोरा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. कोयरीचं इतकं सविस्तर माहीत नव्हतं.

रानमेवा

सगळं वाचलं. फिरस्ती यांच्या मूळ मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही.

‘साडेनऊशे वर्षं तोच बाजार’ असं म्हणताना नेमकं काय टिकलं? ओळी गेल्या, क्रॉस गेला. १९३० च्या दशकात वरच्या बाजूच्या जुन्या इमारती आणि दारूचे गुत्ते पाडून तिथे अवाढव्य सिटी हॉल बांधला. २९ ऑक्टोबर १९३८ ला सहाव्या जॉर्जने त्याचं उद्घाटन केलं. त्याच वेळी बाजाराचा उतारही सरळ रांगांत बसवला. आजचे गाळे तर २००५ नंतरचे. म्हणजे नगरपालिकेने बाजार ‘राखला’ हे जितकं खरं, तितकंच तिने तो पुन्हा पुन्हा मोडला हेही खरं.

दुसरं म्हणजे, शहराच्या हातात असलेली जागा शहरातल्या गरिबांच्या हातात असते असं नाही. १५४९ मध्ये रॉबर्ट केट आणि त्याच्याबरोबरची सुमारे १६,००० माणसं गायरानांना कुंपणं घालणाऱ्या जमीनदारांविरुद्ध उठली. मूसहोल्ड माळावर तळ देऊन त्यांनी शहर ताब्यात घेतलं. अर्ल ऑफ वॉरिकने शहर परत घेतल्यावर बंडखोरांपैकी कित्येकांना याच बाजारात फासावर लटकवलं. केटला ७ डिसेंबर १५४९ ला किल्ल्याच्या भिंतीवरून टांगलं. ज्या बाजारात गरीब माणूस भाजी विकायला यायचा, तिथेच त्याला मारून दाखवलं.

फिरस्ती

@रानमेवा, केटबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्याला धरून एवढंच सांगते, की बरोबर ४०० वर्षांनी, १९४९ मध्ये, शहरानेच किल्ल्याच्या दारावर केटच्या नावाची पाटी लावली. अन्यायाची भरपाई आणि सन्मान, असा तिचा आशय आहे.

बाजार मोडण्याबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. दगडमाती बदलली, ते मान्य. पण टिकणं म्हणजे दगड टिकणं असं मी मानत नाही. त्याच उतारावर, त्याच शहराकडून जागा भाड्याने घेऊन, छोटा माणूस माल विकतोय, हे टिकलं. आणि ते आपोआप टिकलेलं नाही.

शेजारीच उदाहरण आहे. गुरांचा बाजार किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूला कित्येक पिढ्या भरत होता. १९६० मध्ये तो शहराबाहेर हारफर्डला नेला. १९९३ मध्ये त्या जागेवर मॉल उघडला. आज तिथे गुरांच्या बाजाराची खूण शोधावी लागते. मुख्य बाजाराचंही तसं होऊ शकलं असतं. या शतकाच्या सुरुवातीला नूतनीकरणाचे आराखडे आले, त्यांत गाळ्यांची संख्या घटणार होती. गाळेवाले आणि गिऱ्हाइकं दोघांनीही जोरदार विरोध केला. शेवटी ओळी तशाच ठेवून, रंगीत छपरं ठेवून नवे गाळे झाले. मला शहराचा हात म्हणायचा आहे तो हाच. त्यात नगरपालिका आली आणि तिला अडवणारे लोकही आले.

एल्म हिलचीही गोष्ट अशीच. १५०७ च्या आगीत ती गल्ली जवळजवळ सगळी जळाली, ब्रिटन्स आर्म्स नावाचं गवती छपराचं घर तेवढं वाचलं. मग लाकडी सांगाड्याची नवी घरं झाली. विणकरी बसल्यावर तिथे दाटीवाटीची गरीब वस्ती झाली. १९२० च्या दशकात नगरपालिका सगळी गल्ली पाडायला निघाली होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्विच सोसायटीने लढा दिला आणि ठराव अवघ्या एका मताने फिरला. आज लोक दुरून ती गल्ली बघायला येतात.

आणि लंडन स्ट्रीट. १९६५ मध्ये गटाराच्या कामासाठी ही अरुंद गल्ली वाहनांना बंद केली होती. दुकानदारांच्या लक्षात आलं, की गाड्या नसतानाही धंदा नीट चाललाय. त्यातून १९६७ मध्ये ती कायमची पायी चालणाऱ्यांसाठी ठेवली. ब्रिटनमधला हा असा पहिला रस्ता. बाजार आणि आसपासच्या गल्ल्या आज मोकळ्या वाटतात त्याची सुरुवात तिथे झाली.

रानमेवा

‘नगरपालिका आणि तिला अडवणारे लोक’ असं म्हणत असाल तर माझा विरोध बराच मावळला. गुरांच्या बाजाराचं उदाहरण पटलं. वाद राहू दे बाजूला, मी पुढच्या वर्षी लंडनला मुलीकडे येतेय. एका दिवसात हे सगळं बघून होईल का? कुठून सुरुवात करू?

फिरस्ती

आरामात होईल. शनिवारी या, बाजार भरलेला असतो.

स्टेशनवरून वेन्सम नदीचा पूल ओलांडून सरळ टूंबलँडला जा. एथेलबर्ट दरवाजातून आत गेलात की कॅथीड्रल, आणि आवारात वसंतकाकांचा वेलिंग्टन. बाहेर येऊन एल्म हिल चढा. ब्रिटन्स आर्म्स माथ्यावरच आहे. तिथून सेंट अँड्र्यूज हॉलवरून पुढे या, शेजारच्या ब्लॅकफ्रायर्स हॉलमध्ये डच लोकांची प्रार्थना व्हायची. मग मॅडरमार्केटची गल्ली आणि चॅरिंग क्रॉसजवळचं स्ट्रेंजर्स हॉल. ते आता संग्रहालय आहे, पण रोज उघडं नसतं, आधी वेळ बघून घ्या.

मग वर चढून बाजारात या. गिल्डहॉलची पूर्वेची भिंत नक्की बघा, काळ्या-पांढऱ्या दगडांची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी आहे. १५११ मध्ये छप्पर कोसळलं होतं, त्यानंतर ती १५३५ च्या सुमारास नव्याने बांधली. सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट देवळात (सध्याची वास्तू १४५५ ची) पूर्वेच्या खिडकीत पंधराव्या शतकातली रंगीत काच आहे. खाली जंटलमन्स वॉकवरून रॉयल आर्केडमध्ये शिरा, जॉर्ज स्किपरचं १८९९ चं काम, टाइल्स मान वर करून बघा. ती दुसऱ्या तोंडाने किल्ल्याच्या बाजूला निघते. किल्ल्यात केटची पाटी बघता येईल.

जेवायचं बाजारातच. चिप्सवाल्यांकडे व्हिनेगर आणि वाटाणे दोन्ही मागा, आणि शाकाहारी असाल तर तळणाचं तेल कोणतं ते विचारून घ्या, काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. तारीख ठरली की व्यक्तिगत निरोप पाठवा, मी बरोबर येईन.